सर्वेक्षणाचा आकडा वस्तीत वापरण्याआधी

नवी मुंबईतल्या दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत मुलांच्या कुपोषणावर काम आखताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहत असाल, तर योग्यच. पण त्यातला आकडा अख्ख्या ठाणे जिल्ह्याचा. त्यात घोडबंदरचे टॉवरही आले आणि मुरबाडचे पाडेही. शिवाय ठाण्याच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या आकड्यांची थेट तुलना करू नका. २०१५-१६ च्या फेरीत २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते, म्हणजे पालघर ठाण्यातच; पुढच्या फेरीत तो वेगळा. दिसणारा फरक नकाशा बदलल्याचाही असू शकतो.

म्हणून वस्तीत स्वतः मोजा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर) मोजपट्टीने घ्या: डावा हात सैल, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी आवळली की घेर कमी भरतो. दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून पाहा.

फक्त अंगणवाडीच्या यादीवर विसंबू नका. नाक्यावर काम शोधणाऱ्या स्थलांतरितांची मुलं तिच्यात अनेकदा नसतात, आणि सेवा आधी पोचायला हवी ती त्यांच्यापर्यंतच. दिवसा दारं बंद असतात, संध्याकाळी जा.

तीव्र कुपोषित मूल सापडलं तर अहवालासाठी थांबू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. दोन्ही पावलांवर सूज असून दाबल्यावर खळगा राहत असेल, तर दंडघेर कितीही असो, न्यायलाच हवं.