आधी फडकं, मग छिन्नी

वाचकांचे प्रश्न, प्लंबरची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आलाय, ओल. हवा दमट झाली की घरातल्या पाण्याच्या तक्रारी दुप्पट वाटायला लागतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारींत पाइपचा काही दोष नसतो. पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय, कारण त्या घरात उद्या-परवा टाइल फुटणार आहेत.

बेसिनखालच्या पाइपवर रोज सकाळी थेंब दिसतात, मागची भिंतही ओली लागते. लाइन आतून फुटलीय, टाइल काढाव्या लागतील, असं सांगितलंय. काढू का?

ताई, दोन दिवस थांबा. पाइपवरचं पाणी आतून आलेलं असू शकतं, तसंच ते हवेतलंही असू शकतं. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. रात्रभर जमिनीखालून आलेलं पाणी सहज त्याहून गार असतं. मग धडधाकट पाइपलाही घाम फुटतो.

पाइप कोरड्या फडक्याने खडखडीत पुसा. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळा. एक पट्टी मधल्या सरळ पाइपवरही लावा, जिथे जोड नाही. तासाभराने पाहा. सगळ्या पट्ट्या सारख्याच दमटल्या असतील तर तो घाम. एकच पट्टी चिंब झाली असेल तर गळणारा जोड सापडला. पाणी पाइपवरून ओघळत खाली येतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं, म्हणून ओल्या पट्ट्यांपैकी सगळ्यात वरच्या पट्टीवर विश्वास ठेवा.

भिंतीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा घ्या. भिंत पुसून त्यावर तो चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर आतली बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरची ओली निघाली तर ते हवेतलं. आतली ओली निघाली तरी लगेच फोडायला घेऊ नका. सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवा, मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी आकडा सरकला नाही आणि भिंत बेसिन वापरल्यावरच ओली होते, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर घ्या. तो गळला तरी मीटरवर दिसत नाही.

हे इतकं खोलात सांगतोय कारण कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका घरात चार टाइल फोडल्या होत्या. आत लाइन ठणठणीत कोरडी होती. तसल्या रंगाच्या टाइल पुन्हा मिळाल्या नाहीत. त्या घरातल्या आजींनी मला एक शब्दही बोल लावला नाही, नुसत्या त्या भगदाडाकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हापासून माझ्या पिशवीत फडकं सगळ्यात वर असतं.

घामच निघाला तर पाइपवर काळ्या फोमची नळी चढवा. तिची चीर आणि टोकं टेपने नीट बंद करा, फट राहिली की हवा आत शिरते आणि आतल्या आत पाणी धरतं. चिंध्या गुंडाळू नका. त्या ओल धरून ठेवतात आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप खालून गंजत जातो.

फ्लशची टाकी बाहेरून सतत ओली असते, खाली डबकं होतं. टाकीला चीर गेलीय का?

चीर क्वचित असते. टाकीत पाणी भरल्यावर ते काही तासांत खोलीइतकं कोमट होतं आणि घाम थांबतो. तुमची टाकी दिवसभर ओली राहते, म्हणजे तिच्यात गार पाणी सारखं येत असणार. आतलं रबरी सील झिजलं की पाणी हळूच भांड्यात उतरतं आणि टाकी मागून भरत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की समजा सील गेलं. नवं बसवण्याआधी त्याची बैठक बोट फिरवून पाहा. खरखरीत क्षार लागला तर आधी तो साफ करा, नाहीतर नवं सीलही गळेल.

सीपीव्हीसी पाइपचा एकच जोड दोनदा चिकटवला, दोन्ही वेळा सुटला. सॉल्व्हंट नकली असेल का?

डबा एकदा वाचा. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी ही दोन वेगळी प्लास्टिकं. पीव्हीसीचं सॉल्व्हंट सीपीव्हीसीला चालत नाही, आणि ही चूक फार होते. डबा बरोबर असेल तर दोष पाण्याचा आणि घाईचा. सॉल्व्हंट पाइपचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. ते उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी नेमकं तिथेच बसतं. म्हणून लावल्यावर वेळ घालवू नका, लगेच जोडा. पाणी सोडायची मात्र घाई नको. हवा दमट असेल तर डब्यावरच्या वाळण्याच्या वेळेत निम्मा वेळ आणखी धरा.

जुन्या लाइनवर खरा शत्रू म्हणजे पुरता बंद न होणारा व्हॉल्व्ह. त्यातून बारीक धार झिरपत राहते आणि ओल्या तोंडावर कुठलाच जोड धरत नाही. खालचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. पाइप काटकोनात कापा, कडेचा भुसा काढा, दोन्ही बाजूंना सॉल्व्हंट लावा, पाव फेरा फिरवत आत बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सुटलेल्या जोडावर वरून सॉल्व्हंटचे थर चढवत बसू नका. तो तुकडा कापून कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा घाला.

घर महिनाभर बंद होतं. उघडल्यावर बाथरूममध्ये घाण वास आणि झुरळं.

नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या वाटीत, साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. ते आटलं. बादलीभर पाणी ओता. पुढच्या वेळी निघताना वरून दोन चमचे खाद्यतेल सोडा, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. पाणी ओतूनही वास राहिला तर वॉशिंग मशीनचा पाइप ज्या भोकात खोचलाय तिथली फट बुजवा.

सिंकच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलंय. अ‍ॅसिड आणि ब्लीच दोन्ही वापरून पाहू का?

हात जोडून सांगतो, दोन्ही एकत्र कधीही नाही. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. एकामागोमाग एकही नको, कारण सांदीत उरलेलं पुरेसं असतं. बुरशी वरवर असेल तर नुसतं पातळ ब्लीच लावा, खिडकी उघडी ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. आतपर्यंत काळं गेलं असेल तर ते सिलिकॉन पूर्ण कापून काढावं लागेल. जुन्यावर नवं चिकटत नाही. सांध एक दिवस पंख्याखाली वाळवा, मगच भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळी किंवा जीआय भागांना लागलं तर ते गंजतात. तिथे न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

अँगल कॉक जाम झालाय. जोर लावू?

नको. अँगल कॉक म्हणजे बेसिन-गीझरचं पाणी बंद करणारा भिंतीवरचा छोटा नळ. त्याचा जोर भिंतीतल्या निपलवर, म्हणजे आट्यांच्या छोट्या पाइपवर जातो आणि तिथले आटे गेले तर पुन्हा टाइलवर पाळी येते. दांड्याच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी एका पान्ह्याने कॉकचं अंग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मूठ थोडी बंद, थोडी सैल अशी हलवत राहा. सुटला की दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडायचा. घरातले सगळेच अँगल कॉक तसे फिरवा, गीझरखालचा विसरू नका.