‘यांचं नाव पॉलिसीतून काढू का?’

प्रश्न : ताई, आम्ही टेक्ससमध्ये केटीला राहतो. एका समारंभाहून परतताना यांना पोलिसांनी थांबवलं. श्वासाच्या चाचणीत दारूचं प्रमाण ०.०८ या कायद्याच्या मर्यादेच्या वर निघालं आणि लायसन्स ९० दिवसांसाठी निलंबित झालं. कोर्टात केस अजून चालू आहे. यांची नोकरी बेटाउनच्या एका प्लांटवर, तिथे बस जात नाही. वकील म्हणतात, कामापुरतं लायसन्स मिळेल, पण आधी एसआर-२२ नावाचा विम्याचा दाखला आणा. आमच्या दोन गाड्या एकाच पॉलिसीत आहेत, एकीवर कर्ज आहे. ओळखीचे सांगतात की यांचं नाव पॉलिसीतून काढ, प्रीमियम वाचेल, आणि यांच्यासाठी बिनगाडीची स्वस्त पॉलिसी घे. काय करू? रात्री झोप लागत नाही.
— केटीची एक वाचक

उत्तर : नाव काढू नका. बाकीचं सगळं नंतर, हे आधी.

टेक्ससमध्ये घरातल्या एखाद्या माणसाला पॉलिसीतून लेखी वगळता येतं. हप्ता खाली येतो, हे खरंच. पण वगळलेला माणूस ती गाडी घेऊन निघाला आणि काही झालं, तर कंपनी काहीच देत नाही. समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च नाही, त्याच्या गाडीचा नाही, तुमच्या गाडीचा तर नाहीच. कामापुरतं लायसन्स घेऊन ते तुमच्याच गाडीने बेटाउनला जाणार ना? मग रोज जाऊन-येऊन शंभरेक मैल विम्याशिवाय होतील. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. आधीच्या एजंटकडे त्यांनी हेच केलं होतं. सिग्नलला नवऱ्याची गाडी पुढच्या गाडीवर मागून धडकली, चूक आपल्याच माणसाची. घरासाठी साठवलेलं डाउन पेमेंट त्या एका संध्याकाळीत गेलं. त्या बाई माझ्यासमोर बसून रडल्या. ते मी विसरलेले नाही, म्हणून इतकं ठासून सांगते.

बिनगाडीची पॉलिसी ज्याच्या घरात गाडीच नाही त्याच्यासाठी असते. तुमच्या दारात दोन उभ्या आहेत. ती इथे लागू पडणार नाही.

आता एसआर-२२. हा वेगळा विमा नव्हे. ‘या माणसाकडे कायद्याने लागतो तेवढा विमा आहे’ असा दाखला तुमची कंपनी डीपीएसकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याकडे पाठवते. टेक्ससमध्ये ‘तेवढा’ म्हणजे ३०/६०/२५ : एका जखमीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी ६० हजार, समोरच्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार. दाखल्याचं शुल्क किरकोळ असतं, खरा फटका प्रीमियमला बसतो. सगळ्याच कंपन्या तो देत नाहीत. तुमची देत नसेल तर यांची गाडी वेगळ्या पॉलिसीत टाका, पण ज्या गाडीने ते जाणार तिच्यावर त्यांचं नाव चालक म्हणून हवंच. ती कर्जाची गाडी असेल तर एसआर-२२ वर भागणार नाही. कर्ज देणाऱ्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा लागतो. स्वस्तात मिळतंय म्हणून तो काढून टाकला, तर तेच महागडा विमा घेऊन पैसे तुमच्या कर्जाला लावतील.

शक्य असेल तर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली की कंपनी डीपीएसला कळवते आणि लायसन्स पुन्हा अडकतं. केसमध्ये दोषी ठरवलं गेलं, तर त्या तारखेपासून २ वर्षं एसआर-२२ चालू ठेवावा लागेल.

कामापुरत्या लायसन्ससाठी कोर्ट जो आदेश देईल, तो नीट वाचून घ्या. गाडी चालवायला सहसा दिवसाला ४ तास मिळतात, गरज पटवून दिली तर १२ पर्यंत. कोणते दिवस, कोणत्या वेळा, कोणता भाग किंवा रस्ते हे त्यात लिहिलेलं असतं. घरची अत्यावश्यक कामंही त्यात बसतात, तेव्हा मुलांना आणणं, औषधं, किराणा हे वकिलांना अर्जातच घालायला सांगा. मागाहून बदलून घेणं जिकिरीचं होतं. आदेशाची प्रमाणित प्रत कायम गाडीत हवी. जजची सही झाल्यापासून ४५ दिवस तीच लायसन्स म्हणून चालते, तेवढ्यात डीपीएसकडे कागद पाठवून द्या. वेळेबाहेर किंवा प्रतीशिवाय सापडले तर तो नवा गुन्हा, आणि त्यात दोषी ठरले तर हे लायसन्सही जातं. रविवारी देवळात जायचं असेल तर गाडी तुम्ही चालवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी विचारते. हे एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत का? अशा अटकेनंतर पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे राहण्या-काम करण्याला सहसा लगेच धक्का लागत नाही, पण भारतात जाऊन परत यायचं तर नवा शिक्का घ्यावा लागतो. तिकिटं काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.