खड्डा खणून बघितला, मग उतार सेफ का?

प्रश्न: स्की टूरवर आम्ही बर्फात खड्डा खणून हिमस्खलनाचा धोका आहे का याची, म्हणजे बर्फाचे थर दाब दिल्यावर तुटतात का याची, टेस्ट केली, काहीच तुटलं नाही. मग तो उतार बिनधास्त उतरायचा का?

उत्तर: नाही हो, प्लीज असं करू नका! एक खड्डा फक्त त्या जागेचं सांगतो, दहा पावलांवर वाऱ्याने आणलेला बर्फ जाड असू शकतो आणि त्याच्याखाली साखरेसारखा सुटा, कमजोर थर दबलेला असू शकतो, तोच तुटला की वरची अख्खी लादी (घट्ट चिकटलेल्या बर्फाचा थर) सुटते. टेस्ट खराब आली तर मागे फिरा, पण चांगली आली म्हणून परवानगी मिळाली असं समजू नका. त्यापेक्षा डोळे-कान उघडे ठेवा, म्हणजे पायाखाली 'धप्प' आवाज येऊन बर्फ बसला, स्कीपासून भेगा पळाल्या, किंवा जवळपास ताजं हिमस्खलन दिसलं, तर विषय संपला, मागे फिरा. गेल्या एक-दोन दिवसांत भरपूर बर्फ किंवा जोराचा वारा झाला असेल तरी तेच. बहुतेक लादी-हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणून शंका असली की 30 च्या खालचाच उतार घ्या आणि वर तीव्र उतार नाही ना तेही बघा. बीकन (गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, गाडला गेलेला माणूस काढायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात.