डिसेंबरअखेरचा केदारकंठा: बर्फ किती, यापेक्षा कसा

तुमचे प्रश्न तीन: नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर बर्फ किती असेल, सह्याद्रीतले कापडी बूट चालतील का आणि मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे, साखळीत ओवलेले धातूचे दात) खरंच लागतात का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. लागतात, आणि चढताना लागतात त्यापेक्षा उतरताना जास्त.

डिसेंबरअखेर बर्फ किती असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी, हिमालयात बर्फ पाडणारी हवामान प्रणाली) येऊन गेला तर वाटेवरच्या जुडा का तालाब या तळ्यापासूनच गुडघाभर बर्फ, नाही आला तर तिथपर्यंत मातीची वाट. पण घात करतो तो भुसभुशीत ताजा बर्फ नव्हे. त्यात पाय रुततो, दमछाक होते, पण पकड मिळते. त्या आठवड्यात वाटेवर प्रचंड गर्दी असते. शेकडो बुटांनी बर्फ दाबला जातो, दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो आणि रात्री गोठून काचेसारखा टणक होतो. पहाटे तीनला माथ्याकडे निघता तेव्हा तुम्ही याच थरावर असता. म्हणजे बर्फ कमी पडलेल्या वर्षी वाट सोपी असेलच असं नाही. कधी कधी तीच जास्त निसरडी असते.

चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची. उतरताना टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि मागे रेलायचं नाही. सह्याद्रीत घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, आपण बूड टेकत उतरतो, ती सवय इथे महागात पडते. अनेक जण माथ्यावरून मजेत घसरत येतात. पायात स्पाइक्स असताना हे अजिबात करू नका. दात बर्फात अडकला की घोटा मुरगळतो किंवा मोडतो.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि पाणी न शिरणारे हवेत. तुमचे कापडी बूट पहिल्याच दुपारी भिजतील आणि रात्री तंबूत गोठतील. नवे घेतलेत तर निघण्याआधी महिनाभर वापरून पायात बसवा. स्पाइक्स आणि गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) चढाई जिथून सुरू होते त्या सांक्री गावात भाड्याने मिळतात. दातांची साखळी ओढून बघा आणि तिथेच बुटावर चढवून पाहा.

कपड्यांबद्दल एकच आग्रह: सुती काही नको. घामाने भिजलेला सुती बनियन माथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तेव्हाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. बाटली उलटी ठेवा, कारण पाणी वरून गोठत येतं. मग झाकण मोकळं राहतं. मोबाईल आणि टॉर्चची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. काळा चष्मा ढगाळ दिवशीही हवा.

आता उंची. कळसूबाई १,६४६ मीटर. सांक्री गावच त्याहून उंच आहे आणि केदारकंठ्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर. दम चांगला असला म्हणून उंची बाधत नाही असं नसतं; उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि त्यांनाच डोकेदुखी गाठते. डोकं दुखणं आणि मळमळ लपवू नका. त्रास जाईपर्यंत वर जायचं नाही; आराम करूनही वाढत असेल तर खाली उतरायचं. चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला.

आदल्या रात्रीच वाटाड्याशी परत फिरण्याची वेळ ठरवून घ्या. ऊन चढलं की शेवटच्या चढावरचा बर्फ मऊ होतो आणि पायऱ्या ढासळतात, म्हणून माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं. वाटाडे त्याच भागातले असतात. त्यांनी आकाश बघून ‘नको’ म्हटलं तर वाद घालू नका.

देहरादूनहून सांक्री सुमारे २०० किलोमीटर, पण गाडीला आठ-दहा तास लागतात. सकाळी सातच्या आत निघा. परतीच्या रेल्वेआधी एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडला की वाटेतल्या मोरी गावाच्या पुढचा रस्ता बंद होऊ शकतो.