प्रिंटर चालू, पान कोरे: वाचकांच्या शंका

प्रश्न : आखाजीला माहेरी गेले, महिन्याभराने घर उघडले. प्रिंटर आवाज करतो, कागद ओढतो, पण पान कोरेच येते. टाक्या निम्म्याहून भरलेल्या आहेत. सहा वेळा हेड क्लिनिंग केले. आता काय करू? (शिक्षिका, चोपडा)

उत्तर : ताई, आधी क्लिनिंग थांबवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यात बंद घर. या शाईत बहुतांश पाणीच असते आणि ती प्रिंटरच्या हेडमधल्या ज्या छिद्रांतून (नोझल) बाहेर पडते, ती केसाहूनही बारीक. त्यांच्या तोंडाशी शाई सुकली की टाकी काठोकाठ असली तरी कागदावर काही उतरत नाही. वर प्रत्येक क्लिनिंगला चांगली शाई ओढली जाते आणि आतल्या स्पंजात जाऊन वाया जाते.

आज फक्त नोझल चेकचे, म्हणजे छिद्रांतून शाई येते का हे रेषांनी दाखवणारे, पान काढा. तुटक का होईना, रेषा दिसल्या तर काळजी नको. एकदा क्लिनिंग, पुन्हा चेक. फरक नसेल तर आणखी एकदाच. मग प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करून रात्रभर राहू द्या. तेवढ्या वेळात ओली शाई सुकलेल्या शाईला मऊ करते, नळीतले बुडबुडेही बसतात. सकाळी पुन्हा चेक करा. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेषा भरून येतात, म्हणून धीर सोडू नका. पॉवर क्लिनिंग (नळ्यांतली सगळी शाई ओढणारे जोरदार क्लिनिंग) अगदी शेवटी, आणि एखादी टाकी एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर नकोच.

छोट्या कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये बहुधा छिद्रे कार्ट्रिजलाच असतात. कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर ती बाजू मिनिटभर टेकवा, घासू नका. बोअरचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार छिद्रांत बसतात.

यापुढे एक सवय लावा. बटणाने बंद केला की प्रिंटर हेड जागेवर नेऊन रबरी टोपीवर बसवतो आणि छिद्रे झाकली जातात. छपाई चालू असताना बोर्डाचे बटण दाबले किंवा लाईट गेली, तर हेड मधेच उघडे राहते. लाईट आली की प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करा. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान निघेल अशी सोय शेजाऱ्यांकडे करून ठेवा.

प्रश्न : सातबारा छापायचा होता. प्रिंटरचा दिवा लागलेला, पण कॉम्प्युटर ‘ऑफलाईन’ म्हणतो. (शेतकरी, शिरपूर)

उत्तर : दादा, प्रिंटरवरच एखाद्या कागदाची झेरॉक्स काढून पाहा. ती निघाली म्हणजे यंत्र धडधाकट आहे, अडचण जोडणीत आहे. नवा राऊटर बसवला असेल तर प्रिंटर अजून जुनेच वायफाय शोधत असतो. बरेच घरगुती प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, ५ वर नाहीत. यादीत एकाच प्रिंटरची दोन नावे दिसत असतील तर दुसरे निवडून पाहा. तरीही अडले तर रांगेतली सगळी कामे रद्द करा, विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) रिस्टार्ट करा.

प्रश्न : उन्हाळ्यात एका वेळी तीन-तीन कागद ओढले जातात. (रावेर)

उत्तर : कुलर कुठे आहे? त्याच्या ओल्या हवेने कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात. रीम पिशवीत बांधून ठेवा, लागतील तेवढेच कागद झाडून लावा.

प्रश्न : दिवे आळीपाळीने लुकलुकतात. स्क्रीनवर ‘वेस्ट इंक पॅड भरले’ असे येते. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. (धुळे)

उत्तर : घाई करू नका. हे पॅड म्हणजे वर सांगितलेला तोच स्पंज. काही मॉडेलमध्ये त्याचा सुटा डबा घरीच बदलता येतो. इतरांत कारागीर पॅड बदलून, प्रिंटर ठेवत असलेली वाया शाईची मोजणी शून्यावर आणतो. दोन्ही कामे झाली पाहिजेत. नुसती मोजणी पुसली तर भरलेल्या पॅडमधून शाई टेबलावर झिरपते. अनोळखी ठिकाणचे फुकट ‘रिसेटर’ (ही मोजणी पुसणारे प्रोग्राम) उतरवू नका, त्यांतून व्हायरस येतात. दुकानात जाताना मॉडेल क्रमांक लिहून न्या आणि फक्त पॅड बदलण्याचा दर विचारा.