वाचकांचे प्रश्न : देवाला ‘तू’ म्हणावं का?

प्रश्न : आमच्या घरी वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात. प्रार्थनेत मात्र देवाला ‘तू’. हा अनादर नाही का? शिवाय हातून चूक झाली की त्याच्यासमोर जायची भीती वाटते, चार-चार दिवस प्रार्थनाच होत नाही.

उत्तर : ‘तू’ खुशाल म्हणा. हिब्रू, अरामी, ग्रीक या बायबलच्या तिन्ही भाषांत ‘आपण’सारखं वेगळं आदरार्थी सर्वनामच नाही. ‘तुझे नाव पवित्र मानिले जावो’ असं आपण प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, म्हणतोच, आणि तिची पहिली मागणीच आदराची आहे. नव्या करारात ‘अब्बा’ (अरामीत ‘बाबा’) ही हाक तीनदा येते : मार्क १४:३६, रोम ८:१५, गलती ४:६. तो तान्ह्याचा बोबडा शब्द आहे असं पुष्कळदा ऐकू येतं, ते बरोबर नाही. जाणती मुलंही वडिलांना हीच हाक मारत. येशूने ती मरणाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत मारली.

आता भीतीबद्दल. निवासमंडपात, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूत, परमपवित्रस्थान या सर्वांत आतल्या खोलीपुढे अंतरपट म्हणजे पडदा असे : निळं, जांभळं, किरमिजी सूत, तलम सणाचं कापड, त्यावर करूब (पंखांचे स्वर्गीय प्राणी) काढलेले. त्याच्या आत फक्त प्रमुख याजक जाई, तोही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन (लेवीय १६). पुढे मंदिरातही असाच पडदा होता. येशूने प्राण सोडला तेव्हा तो वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय सांगतो. वाट वरूनच मोकळी झाली. म्हणून इब्री ४:१६ म्हणतं, कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ. कशासाठी? दया मिळावी म्हणून. आणि दया तर चुकलेल्यालाच लागते! आधी शुद्ध होऊ, मग जाऊ, म्हणून थांबणं म्हणजे फाटलेला पडदा शिवत बसणं.

आज रात्री दार लावून स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर?’ अशी चारदा तक्रार, मग दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. दर दोन वचनांनी थांबा आणि आपलं बोला, घरच्या बोलीत. चूक नेमकी सांगा. ‘मी पापी आहे’ एवढ्यावर थांबू नका, ‘मी भावाशी पैशांबाबत खोटं बोललो’ असं म्हणा. बहुतेकांचं इथेच अडतं : कबुली मोघम, म्हणून मनावरचं ओझंही तसंच राहतं. देव जवळ असल्याचं जाणवलं का, हे लगेच तपासू नका. आणि सकाळी त्या भावाकडे जा. मत्तय ५:२३-२४ वेदीपुढचं दान तिथेच ठेवून आधी समेट करायला सांगतं.