लायकेनच्या बुरशीवर काम सुरू करताय? मग आधी हे वाचा

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेनच, बुरशी आणि शैवाल यांची एकत्र राहणारी जोडी; त्यामुळे तोंडओळख आहेच! पण उंचीनुसार बुरशीचे जनुक कसे बदलतात हे पाहायचं तर इटलीच्या सार्डिनिया बेटावरल्या लिंबारा डोंगराचं उदाहरण आधी नीट समजून घ्या. तिथे खडकांवर लासालिया पुस्टुलाटा ही लायकेनची जाती असते, बेंबीसारख्या एकाच बिंदूने चिकटलेली. पायथ्याची भूमध्यसागरी हवामानातली आणि माथ्याकडच्या थंडीतली बुरशी जनुकीयदृष्ट्या वेगळी निघाली. एकच जाती, एकच डोंगर!

आता मेख ऐका. ही जाती मुख्यतः इसिडियांनी पसरते. थॅलसवरचे (लायकेनच्या शरीरावरचे) ते काळपट, बारीक दाणे तुटतात आणि बुरशी-शैवाल दोघांना बरोबर घेऊन जातात. म्हणून शेजारशेजारचे दहा तुकडे उचललेत तर दहा नमुने झाले असं समजू नका; कदाचित एकाच क्लोनच्या दहा प्रती असतील. जरा अंतर ठेवून घ्या.

कोरडा थॅलस ओढू नका, चुरा होतो. पाणी शिंपडा, मऊ झाला की सोडवा. नंतर वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी लागते, आणि ती आपली नव्हे.

डीएनए काढलात की त्यात शैवालाचाही येणारच. संदर्भ जीनोम, म्हणजे तुलनेसाठी वापरायचा संपूर्ण डीएनए-क्रम, वेगळ्या वाढवलेल्या शुद्ध बुरशीचा असेल तर शैवालाचा डीएनए गाळणं सोपं जातं. आणि एकाच डोंगरावर थांबू नका. उंचीबरोबर अंतरही वाढतं, त्यामुळे दिसलेला फरक हवामानाचा की नुसत्या दुराव्याचा, हे एका उतारावरून सांगणं अवघड असतं.